काठीवरच्या खाचा

माझ्या मुलीला झोपेतून उठवून विचारलं तरी आयरिश भाषेतलं एक वाक्य बिनचूक येतं : 'अन विल क्याद अगम दुल गो जी अन लेहरस?' म्हणजे, 'मला शौचालयात जायची परवानगी आहे का?' आयर्लंडात शाळा शिकलेल्या कुणालाही विचारा, बहुतेकांना हे वाक्य येतं. माझ्या ऑफिसातले सहकारी ते हसत हसत म्हणून दाखवतात आणि वर सांगतात की चौदा वर्षं रोज आयरिशचा तास होता, त्यातलं एवढंच उरलं. उरायचं कारणही उघड आहे. आयरिशमध्ये विचारल्याशिवाय बाई सोडायच्या नाहीत, आणि जाणं तर भाग असायचं.

आमच्या शेजारी मेयो परगण्यातल्या एक बाई राहतात, वय पंच्याऐंशीच्या आसपास. इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून ते अजून निघत नाही, मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते. त्यांची शाळा दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची. एका खोलीत चार इयत्ता. थंडीच्या दिवसांत प्रत्येक मुलानं घरून येताना काखेत टर्फचा एक तुकडा आणायचा. टर्फ म्हणजे दलदलीतून विटेसारखी कापून उन्हावाऱ्यात वाळवलेली काळी माती. आपल्याकडे गोवऱ्या जाळतात तशी ती इथे चुलीत जाळत. दुधाच्या बाटल्या शेकोटीभोवती ओळीनं ठेवायच्या, मधल्या सुट्टीपर्यंत कोमट होत. बूच सैल करायला विसरलं की ते उडायचं. मे महिना लागला की सगळ्यांच्या पायातले बूट निघायचे ते थेट थंडी पडेपर्यंत. हे सगळं आजी फार रंगवून सांगतात. मग छडीची गोष्ट निघते आणि आवाज बदलतो. एकदा त्या म्हणाल्या, "माझ्या पणजीला शाळेत आयरिश बोलली म्हणून मार बसला. मला बोलता आली नाही म्हणून."

शेकोटी आणि छडी, जुन्या शाळांविषयी आयर्लंडात जे काही बोललं-लिहिलं जातं ते बहुधा या दोन गोष्टींभोवती फिरतं. काहींना ती गावाची ऊब आठवते, काहींना तळहातावरचे वळ. भाषेचा विषय निघाला की मात्र दोन्ही पक्षांचं एकमत होतं : आयरिश भाषा शाळेनं मारली, आणि ती जगवणार तर शाळाच जगवेल. मला हे दोन्ही पटत नाही. शाळेला आपण उगीच मोठं करतो, असं माझं मत आहे. भाषेच्या बाबतीत शाळेनं तेच केलं जे घरानं तिला करू दिलं. आणि घरानं जे केलं नाही ते शंभर वर्षं रोज तास घेऊनही शाळेला जमलं नाही.

याचा पुरावा सरकारी शाळांच्याही आधीचा आहे. १६९५ च्या कायद्यानं आयर्लंडातल्या कॅथलिकांना शाळा चालवायला बंदी केली. मग शिक्षण कुंपणाआड गेलं. शब्दशः कुंपणाआड, त्या शाळांचं नावच 'हेज स्कूल' पडलं. शेताच्या बांधाला झुडपांचं दाट कुंपण, त्याच्या आडोशाला मास्तर आणि मुलं, आणि एक पोर राखणीला. १७८२ नंतर कायदा सैल झाला, तसे हे वर्ग झोपड्यांत, गोठ्यांत, धान्याच्या कोठारांत भरू लागले, पण नाव तेच राहिलं. मास्तर फिरता असायचा. या घरी चार दिवस, त्या घरी चार दिवस मुक्काम. फी पैशांत, नाहीतर लोण्यात, अंड्यांत, टर्फमध्ये. बसायला दगड. कुणी मास्तर खरोखरचा विद्वान, लॅटिन शिकवणारा. कुणी दारुडा आणि मारकुटा. १८२४ मध्ये सरकारनं चौकशी आयोग नेमला तेव्हा पालकांच्या फीवर चालणाऱ्या अशा शाळा सुमारे ९ हजार भरल्या आणि त्यांत सुमारे ४ लाख मुलं शिकत होती. पोटाला बटाट्याशिवाय दुसरं काही नसलेल्या लोकांनी हे स्वतःच्या खिशातून उभं केलं होतं. आयरिश माणसाला या शाळांचा अभिमान वाटतो, आणि तो वाटायलाच हवा.

या अभिमानाच्या भरात एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्या शाळांत पालक पैसे मोजून काय विकत घेत होते? मुख्यतः इंग्रजी वाचन, इंग्रजी लेखन आणि हिशेब. मास्तर आयरिश बोलणारा, मुलं आयरिश बोलणारी, मधे मधे समजावणंही आयरिशमधून चाललेलं असणार. पण हातात पुस्तक इंग्रजी. कुणी सक्ती केली नव्हती. सरकारचा तर तिथे संबंधच नव्हता. पण बाजारात, कोर्टात, जमीनदाराच्या कारभाऱ्यासमोर आणि पुढे अमेरिकेच्या जहाजावर जी भाषा लागणार होती ती इंग्रजी होती. डॅनियल ओ'कॉनेल हा त्या काळातला कॅथलिकांचा सर्वांत मोठा पुढारी. केरी परगण्यातला, आयरिश बोलत वाढलेला. त्यानंही सांगून टाकलं होतं की इंग्रजीची उपयुक्तता इतकी मोठी आहे की आयरिश हळूहळू मागे पडली तरी त्याला हळहळ वाटणार नाही. पुढारीच असं म्हणतो तिथे लोणी विकून फी भरणाऱ्या बापाला काय नावं ठेवायची!

१८३१ मध्ये आयर्लंडाचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याच्या, म्हणजे चीफ सेक्रेटरी स्टॅन्लीच्या, पत्रातून राष्ट्रीय शाळांची योजना आली. सगळ्या धर्मांची मुलं एकत्र शिकतील अशी कल्पना, सरकारी अनुदान, निरीक्षक, ठरावीक पुस्तकं. त्या पुस्तकांत आयर्लंड शोधावा लागे, आणि आयरिश भाषेला तर अभ्यासक्रमात जागाच नव्हती. पश्चिमेकडच्या गावांत इंग्रजीचा एक शब्द न कळणारी मुलं इंग्रजी धडे घोकत बसत. पॅट्रिक कीनन नावाच्या मुख्य निरीक्षकानं १८५० च्या दशकातच अहवालांत लिहिलं की हा वेडेपणा आहे; मुलांना आधी त्यांच्या भाषेत वाचायला शिकवा, मग तिच्यातून इंग्रजी शिकवा. हाच कीनन पुढे या खात्याचा प्रमुख झाला. तरीही फारसं काही हललं नाही. १८७२ पासून तर निकालावर पगार सुरू झाला. वर्षातून एकदा निरीक्षक येणार, एकेका मुलाची परीक्षा घेणार, आणि जितकी मुलं जितक्या विषयांत पास तितके पैसे मास्तरला. मग मास्तर काय करील? पोरांकडून धडेच्या धडे पाठ करून घेतले. ही पद्धत जवळजवळ तीस वर्षं चालली.

या सगळ्याचा दोष सरकारच्या माथी मारायला माझी काही हरकत नाही. पण मग ती काठी येते.

तिला आयरिशमध्ये 'बाता स्कोर' म्हणतात. मुलाच्या गळ्यात दोरीनं अडकवलेली लहानशी काठी. मूल आयरिशमध्ये बोललं की काठीवर एक खाच. खाचा मोजून शाळेत मार. लोकांच्या आठवणीत ही काठी मास्तरची आहे. पण विल्यम वाइल्ड या डब्लिनच्या डॉक्टरनं (ऑस्कर वाइल्डचे वडील) पाहिलेला प्रसंग १८५२ मध्ये छापला, तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा काही वेळ पुढे वाचवेना. पश्चिमेकडच्या एका घरी ते गेले होते. पाहुणा बघायला पोरं जमली. आठेक वर्षांचा मुलगा बहिणीशी आयरिशमध्ये एक वाक्य बोलला, तेवढ्यात बापाशी नजरानजर झाली आणि तो मोठा गुन्हा केल्यासारखा मागे सरला. बापानं त्याला जवळ बोलावलं. काही बोलला नाही. मुलाच्या कपड्याआडून काठी बाहेर काढली, खिशातल्या चाकूनं तिच्यावर आणखी एक खाच केली आणि काठी परत आत सोडली.

वाइल्डनी विचारलं, तुला आयरिश आवडत नाही का? बाप म्हणाला, आवडते की, बापजाद्यांची भाषा आहे. पण पोरांना शिक्षण हवं, आणि राष्ट्रीय शाळेत आयरिश शिकवत नाहीत. तेव्हा त्यांनी इंग्रजी बोलावं म्हणून आम्हाला हेच करावं लागतं.

सरकारच्या कुठल्या नियमात ही काठी नव्हती. मास्तरच्या छडीला पोचायच्या आधी ती घरातून येत होती, बापाच्या चाकूनं कोरलेली. मास्तर फक्त हिशेब मिटवत होता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ही निवड मोकळी होती का? अर्थातच नव्हती. १८४५ पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि मेलेल्यांत व गेलेल्यांत आयरिश बोलणारे गरीब सर्वांत जास्त. ज्या भाषेच्या लोकांवर ही पाळी येते ती भाषा पोराच्या गळ्यात बांधायला कोण धजेल? १८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे १५ लाख होते, १८९१ पर्यंत ६ लाख ८० हजार उरले. बापाच्या हातातल्या चाकूमागे साम्राज्य उभं होतं हे मला मान्य आहे. पण त्या साम्राज्यालाही भाषा मारायला घरात शिरावं लागलं, आणि घरानं दार उघडलं. निव्वळ शाळेच्या बळावर हे झालं नसतं. ते तसं झालं असतं तर उलट्या दिशेनंही व्हायला हवं होतं, आणि तो प्रयोग नंतर झालाच.

स्वातंत्र्याच्या लढ्यातला पॅट्रिक पिअर्स मुळात शिक्षक. १९०८ मध्ये त्यानं डब्लिनजवळ स्वतःची शाळा काढली. इंग्रजांच्या शिक्षणपद्धतीला तो खुनी यंत्र म्हणायचा. १९१६ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या. १९२२ मध्ये स्वतंत्र सरकार आलं आणि त्याच वर्षी सेंट पॅट्रिकच्या दिवसापासून (१७ मार्च) आयरिश शिकवू शकणारा शिक्षक असलेल्या प्रत्येक शाळेत रोज किमान एक तास आयरिश सक्तीची झाली. बालवर्गांत तर सगळंच आयरिशमधून. घरी आईबाप इंग्रजी बोलणारे, आणि चार वर्षांच्या पोराला शाळेत पाऊल टाकल्यापासून न कळणाऱ्या भाषेत गाणी आणि अंक. कीनननं ज्याला वेडेपणा म्हटलं होतं तोच, फक्त भाषांची अदलाबदल करून. पिअर्सच्या वारसांनी यंत्र मोडलं नाही, त्यात घालायचा माल बदलला. १९४१ मध्ये शिक्षकांच्या संघटनेनंच पाहणी करून सांगितलं की बालवर्गांत हे मुलांच्या हिताचं नाही. ऐकतो कोण? दोन वर्षांनी प्राथमिक शाळेअखेरची परीक्षा सक्तीची झाली. लेखी पेपर तीनच : आयरिश, इंग्रजी, अंकगणित. इतिहास, भूगोल, चित्रकला सगळं मागे पडलं. पुढच्या शालान्त परीक्षेत आयरिशमध्ये नापास म्हणजे सगळ्यातच नापास, हा नियम १९७३ पर्यंत होता. आणि छडी? ती शाळांतून १९८२ मध्ये हद्दपार झाली.

शंभर वर्षांचा हिशेब २०२२ च्या जनगणनेत मिळतो. आयरिश येते असं सांगणारे सुमारे १८ लाख ७४ हजार, म्हणजे दहातले चार. शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे ७१,९६८. चौदा वर्षं शिकून आल्यावरही घरात, दुकानात, भांडणात, प्रेमात ती वापरणारे एखाद्या मोठ्या गावाएवढे. आता कुणी म्हणेल, आजकाल आयरिश माध्यमाच्या शाळा जोरात आहेत, पालक रांगा लावतात. खरं आहे, आणि त्या पालकांनीच पुढाकार घेऊन काढलेल्या आहेत, म्हणून टिकल्या. पण अशा एका शाळेत मुलांना घालणारी माझी मैत्रीण सांगते की मैदानात बाईंची पाठ वळली की पोरं इंग्रजी सुरू करतात. घरी कुठली भाषा बोलता, असं मी तिला विचारलं. ती हसली.

मग शाळेनं काय करावं? माझ्या मते या देशातल्या शाळांनी भाषेसाठी नाही तरी आठवणीसाठी केलेलं सर्वांत शहाणं काम दीडेक वर्षातच आटोपलं. १९३७ च्या शरदात लोककथा आयोगानं शिक्षण खातं आणि शिक्षक संघटना यांना हाताशी धरून सुमारे ५ हजार शाळांत एक उपक्रम सुरू केला. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी आठवड्याचा निबंध लिहायचा नाही. त्याऐवजी घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारायचं आणि ते वहीत उतरवायचं. विषय छापील पुस्तिकेत दिलेले : गावातली पवित्र विहीर, लोहाराची भट्टी, लोणी कसं काढतात, पाऊस येणार हे कशावरून कळतं, घरगुती औषधं, दुष्काळाच्या आठवणी, अशुभ दिवस, आणि जुन्या शाळा. सुमारे ५० हजार मुलांनी लिहिलं. पानं भरली ७ लाख ४० हजारांच्या घरात. आज त्या वह्या इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. शाईचे डाग, खोडाखोड, वळणदार अक्षराचा प्रयत्न, सगळ्यासकट. मी रात्री-बेरात्री त्या चाळत बसते. लिहिणाऱ्या पोरानं शेवटी ज्यानं सांगितलं त्याचं नाव आणि वय नोंदवायचं, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. ज्या म्हाताऱ्याला आयुष्यात कुणी काही विचारलं नाही, त्याचं नाव सरकारी वहीत जातंय, त्याला काहीतरी येतं म्हणून. कुंपणाआडच्या मास्तरांच्या कितीतरी आठवणी जगल्या त्या अशा.

यानं आयरिश जगली का? नाही. बहुतेक गावांतल्या वह्या इंग्रजीतच आहेत. तेवढं श्रेय मी देणार नाही. पण शाळेनं त्या दीड वर्षात एक वेगळी गोष्ट केली : घराला काही शिकवायच्या ऐवजी घराला विचारलं. भाषा जिवंत राहते ती आजीला काही सांगायचं असतं आणि पोराला ते ऐकायचं असतं म्हणून. आयर्लंडानं हे उशिरा केलं, तोवर बहुतेक घरांत आजीची भाषाच बदलली होती. आज आयरिशच्या तासांसाठी होणाऱ्या खर्चातला आणि भांडणांतला काही वाटा जर आईबापांपर्यंत गेला, लहान मुलं असलेल्या घरात ती भाषा बोलायला लागणाऱ्या मदतीवर गेला, तर मला तो शाळेतल्या आणखी एका तासापेक्षा जास्त मोलाचा वाटेल. इथले पुढारी ते सहसा करणार नाहीत, कारण तास वाढवणं सोपं असतं, परिपत्रक काढलं की झालं.

महाराष्ट्रानं २०२० मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला तेव्हा आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला होता. मीही एक अंगठा टाकला. नंतर लक्षात आलं की टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या जवळजवळ सगळ्या घरांत मुलांशी इंग्रजीत बोलणं चालतं. मी पुण्यातल्या एका इंग्रजी शाळेत शिकले. तिथे आवारात मराठी बोललं की एक रुपया दंड. त्या शाळेवर मी पुष्कळ वर्षं डूख धरून होते. वाइल्डचा तो प्रसंग वाचल्यावर मात्र आईची आठवण झाली. दर सोमवारी ती माझ्या कंपासपेटीत पाच नाणी ठेवायची. पाच दिवसांची पाच. "कमी खर्च झाली पाहिजेत हं हळूहळू," असं म्हणायची, आणि शुक्रवारी संध्याकाळी पेटी उघडून किती उरली ते बघायची. पाचही उरली की शिरा व्हायचा.

मागच्या महिन्यात मुलीला शाळेतून गृहपाठ मिळाला : आजीआजोबांना त्यांच्या शाळेविषयी विचारून या. कॅथलिक शाळांच्या सप्ताहात आजीआजोबांसाठी एक दिवस असतो, त्यातलं काहीतरी. तिनं माझ्या सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीतली, देवळाच्या ओवरीत भरणारी. पाटी, पेन्सिल, पाढे पावकी-निमकीसकट, आणि गुरुजींच्या हातात निरगुडीचा फोक. शनिवारी सकाळी शाळा सारवायची, त्यासाठी प्रत्येक मुलीनं घरून शेण आणायचं. त्या तासभर बोलत होत्या. निमकी म्हणून दाखवली, सारवताना हात कसा फिरवतात ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर करून दाखवलं. मुलगी भराभर इंग्रजीत लिहून घेत होती. अडलं की मराठी शब्द तसाच इंग्रजी अक्षरांत. मला विचारायची, आई, 'ओवरी'ला काय म्हणायचं? मला पटकन सुचेना.

शेवटी तिनं सासूबाईंचं नाव लिहिलं, वय विचारून घेतलं, आणि वही मिटताना म्हणाली, "आजी शेण न्यायची शाळेत. म्हणजे शेजारच्या आजी टर्फ न्यायच्या तसंच ना?"

"जवळजवळ," मी म्हटलं. इंग्रजीत.